झुकाव शून्य

रजनी गेल्याचा फोन आला तेव्हा प्रफुल्ल ढोमणे एका अर्जदाराचं म्हणणं ऐकत होते. नागपूरच्या पेटंट कार्यालयात ते वरिष्ठ तपासनीस होते. समोर चंद्रपूरचा एक माणूस बसला होता. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याला आतल्या आत वंगण पुरवणारी छोटीशी पिशवी त्यानं बनवली होती, आणि अशी पिशवी आधी कुणी बनवलेली नाही, हे तो पटवून देत होता. फोन मेव्हण्याचा, दिलीपचा होता. रजनी भाचीच्या साखरपुड्यासाठी त्याच्याकडे यवतमाळला गेली होती.

"भाऊजी, ताई गेली," दिलीप म्हणाला. "पोळ्या लाटता लाटता खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यातली नस फुटली म्हणतात."

"बरं," ढोमणे म्हणाले. "निघतो."

त्यांनी फोन ठेवला आणि अर्जदाराला विचारलं, "पिशवीची झीज किती होते?" त्यानं सांगितलं. ढोमण्यांनी ते लिहून घेतलं, आणखी काही प्रश्न विचारले, सही घेतली, त्याला दारापर्यंत सोडलं. मग शेजारच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "कठाळे, मी यवतमाळला चाललो. रजनी वारली."

कठाळे खुर्चीतून उठले ते उभेच राहिले. "केव्हा?"

"मघाशी फोन आला तो तोच होता."

गाडी आपली आपण चालत होती. कठाळे उगाच सोबत आले होते आणि वर्धा येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले होते. काही बोलावं असं त्यांना वाटत होतं, पण ढोमणे खिडकीबाहेर बघून मध्येच "इथे पूल झाला वाटतं" असं म्हणाले, तेव्हा त्यांनीही नुसती मान हलवली.

पुढचं सगळं ढोमण्यांनी नीट केलं. लाकडं, दाखला, तेरवीचा मांडव, जेवायला कोण आणि किती. मुलगी तेजल अमरावतीहून आली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून तिनं हंबरडा फोडला. तिला उठवून पाणी पाजलं तेही त्यांनीच. घरात चूल पेटायची नाही म्हणून शेजारच्यांनी पिठलं-भाकरी पाठवली, ती ते पोटभर जेवले. सांत्वनाला आलेली माणसं परत जाताना दारात एकमेकांना म्हणायची, ढोमणे धीराचे आहेत. ढोमण्यांना ते ऐकू यायचं. धीर धरावा असं त्यांना काही जाणवतच नव्हतं. दात काढताना डॉक्टर गालाला सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, तसं अंगभर झालं होतं.

तेरवीनंतर थोड्याच दिवसांत चाचणीची तारीख आली. ती त्यांनी मागितली होती, पण दोन वर्षांपूर्वी.

नागपुरात केंद्रीय यंत्र-अपील न्यायालय आहे. देशातलं असं एकच. माणसाच्या अंगात बसवायची यंत्रं, त्यांचे हक्क, त्यांच्यामुळे झालेली इजा, या सगळ्यांवरची अपिलं देशभरातून इथे येतात आणि वर सर्वोच्च न्यायालय सोडलं तर इथलाच शब्द शेवटचा. प्रत्येक पीठात दोन कायद्याचे न्यायाधीश आणि एक तंत्रज्ञ न्यायाधीश लागतो. नेमणुकीची नावं निवड समिती सुचवते, राष्ट्रपती सही करतात. मधे एक अट आहे. यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना आणि यंत्रं अंगात घेऊन जगणाऱ्यांची संघटना, दोघींनाही नावावर आक्षेप घेता येतो. पहिली काही वर्षं काय व्हायचं, की ज्यानं आयुष्यात एकदा जरी ठाम मत मांडलं असेल त्याच्यावर दोघींपैकी एक उखडलेली असायची. नावं यायची आणि पडायची. म्हणून संसदेनं कायद्यात झुकाव-चाचणी आणली. झुकाव दहाच्या आत असेल तर आक्षेप चालत नाही.

ढोमण्यांनी मागे ती चाचणी दिली होती. तेव्हा एकतीस आला होता, रुग्णाच्या बाजूला. रजनी हसली होती. म्हणाली होती, "मला विचारायचं ना, फुकटात सांगितलं असतं." त्यांनी पुन्हा एका संधीसाठी अर्ज टाकला आणि विसरून गेले. आता कागद आला तर ते गेले. न जाण्यासाठी काहीतरी वाटावं लागतं.

चाचणी डॉ. अरुंधती गेडाम घ्यायच्या. पद्धतही त्यांचीच. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोलताना समोरच्याचा पेन उचलून खेळणाऱ्या. त्यांनी ढोमण्यांच्या कपाळाला पट्टा बांधला, डोळ्यांसमोर कॅमेरा आणला आणि हाताखाली दोन बटणं दिली.

"पुन्हा समजावून सांगू का?"

"सांगा. जुनं आठवत नाही."

"अशी कल्पना करा की दोन काठांच्या मधून एक रेष चाललीय. एक काठ कंपनीचा, एक रुग्णाचा. पुराव्याचा एकेक तुकडा दाखवला की मेंदूतली रेष जराशी इकडे किंवा तिकडे सरकते. जो काठ आधी लागतो तो तुमचा निर्णय. तोंडानं तुम्ही काहीही सांगा, बटण दाबायला लागलेला वेळ, डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली, कपाळाखालची लहर, यावरून ती रेष आम्हाला काढता येते. हजारो तुकडे दाखवले की रेष सुरू कुठून झाली तेही कळतं. बरोबर मधून सुरू झाली तर झुकाव शून्य. आधीच एका काठाशी चिकटून सुरू झाली तर तेवढा झुकाव."

"बरं."

"फाइली सगळ्या बनावट आहेत. पण खऱ्यासारख्या आहेत."

सातवी फाइल मेंदूची छायाचित्रं तपासणाऱ्या यंत्राची होती. एका बाईच्या डोक्यातली फुगलेली नस त्या यंत्राला दिसली नाही आणि बाई गेली. ढोमण्यांनी तुकडे वाचले, बटणं दाबली आणि आठवीवर गेले.

आठवड्यानं निकाल जाहीर झाला. झुकाव शून्य पूर्णांक चार. आजवर इतका कमी कुणाचाच आला नव्हता. कायद्याप्रमाणे आकडा आणि प्रत्येक फाइलची रेष लोकांसाठी खुली केली जाते. संध्याकाळपर्यंत दोन्ही संघटनांनी आपला आक्षेप नसल्याचं कळवलं. दोघी एका नावावर पहिल्यांदाच एकत्र आल्या होत्या. तंत्रज्ञ न्यायाधीशाची ती जागा वर्षभराहून जास्त रिकामी होती आणि कानातल्या व मेंदूतल्या यंत्रांची सगळी अपिलं तिच्यापायी अडकली होती.

कार्यालयात कठाळ्यांनी पेढे वाटले. "ढोमणे साहेब, आता तुमच्यासमोर यायचं तर कोट घालावा लागणार आम्हाला."

"कोट आहे का तुझ्याकडे?"

"लग्नातला आहे. बटण लागत नाही."

माणसं हसली. ढोमण्यांनी पेढा खाल्ला. गोड होता एवढं कळलं.

रविवारी तेजल आली. अमरावतीच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. तिनं बॅग खाली ठेवली, चहा केला, एक कप बाबांपुढे सरकवला आणि फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर रेषा होत्या.

"बाबा, फाइल सात."

"हं."

"काय होतं तिच्यात?"

"नस फुगलेली होती. यंत्राला दिसली नाही. बाई गेली."

"आणि ही तुमची रेष." तिनं बोट ठेवलं. रेष मधून सुरू होऊन मधूनच, किंचित थरथरत, शेवटपर्यंत गेली होती. "खाली लोकांनी काय लिहिलंय वाचलं? ओळखीतला एक म्हणतो, न्यायाधीश असाच पाहिजे. याची बायको आत्ताच अशीच गेली आणि याची पापणी लवली नाही. दुसरा म्हणतो, बहुतेक पटत नसेल दोघांचं."

"लोक लिहितात."

"लोकांचं जाऊ द्या, मी विचारून राहिली." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी पेशंटच्या मानेखाली हात घालते ना, तर मला आईची मान आठवते. बाहेर जाऊन तोंड धुऊन यावं लागतं. तुम्ही आईची गोष्ट वाचली, बटण दाबलं आणि पुढे गेले. तुमचं तिच्यावर प्रेम होतं हे मला माहीत आहे, बाबा. निदान होतं. आता मशीन म्हणते की तिथे काहीच नाही."

"मशीन तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणते?"

ढोमण्यांनी चहाचा घोट घेतला. मशीन काय म्हणते हे त्यांनी विचारलंच नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या यंत्रांना त्यांनी हाच एक प्रश्न विचारला होता, की हे नेमकं काय मोजतं.

"विचारून येतो," ते म्हणाले.

तेजल हसली, पण बरं वाटून नाही. "जा, विचारून या," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

डॉ. गेडामांनी दुसऱ्या दिवशी ढोमण्यांना आपल्या खोलीत बसवलं. ढोमण्यांनी विचारल्यावर त्या जरा वेळ त्यांच्याच खिशातला पेन घेऊन फिरवत राहिल्या.

"तुम्ही विचाराल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "रेषेच्या दोन गोष्टी असतात. एक, ती कुठून सुरू होते. तो झुकाव. दुसरी, पुराव्यानं ती किती वेगानं सरकते. तिला आम्ही ओढ म्हणतो. चांगल्या न्यायाधीशाची रेष मधून सुरू होते आणि पुरावा जिकडे असेल तिकडे सरळ ओढली जाते. तुमची मधून सुरू होते. आणि सरकत नाही. वेळ संपत आली की तुम्ही कुठलंतरी बटण दाबता."

"नाणं उडवल्यासारखं?"

"जवळजवळ. सातव्या फाइलचंच नाही, सगळ्याच वीस फाइलींचं तसं आहे. तुम्ही वाचता, ते आत जातं, पण साचत नाही. दोन वर्षांपूर्वी तुमची ओढ फार चांगली होती. झुकाव होता, पण पुरावा दिला की तुम्ही कंपनीच्या बाजूलाही जात होता. तुमच्या घरी काही झालंय का?"

"बायको गेली. तेरवी होऊन थोडे दिवस झाले होते."

गेडामांनी पेन खाली ठेवला. "अर्जात विवाहित लिहिलंय."

"अर्ज जुना आहे."

बाहेर कुणीतरी टेबल सरकवत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"हे समितीला माहीत आहे?" ढोमण्यांनी विचारलं.

"ओढीचा आकडा मी दर अहवालात देते. पण कायद्यात शब्द झुकाव आहे. आक्षेप घेता येतो तो झुकावावर. मसुदा झाला तेव्हा सगळे भांडत होते ते एकाच गोष्टीवर, की माणूस कुणाच्या बाजूचा नको. कुणाचाच नसलेला माणूस कसा असतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही."

"ओढ परत येते का?"

"बहुतेकांची येते. केव्हा, ते सांगता येत नाही."

"आणि दर सहा महिन्यांनी फेरचाचणी. ओढ आली आणि तिच्यासोबत झुकावही आला तर खुर्ची गेली."

"हो."

"म्हणजे खुर्ची टिकवायची तर मी असंच राहायचं."

"मी तसं म्हणत नाही, ढोमणे."

"तुम्ही नाही म्हणत. कायदा म्हणतो."

घरी येऊन त्यांनी तेजलला फोन लावला आणि गेडामांनी सांगितलं ते शब्दाला शब्द सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आईसाठीच नाही. कशासाठीच नाही."

"कशासाठीच नाही."

"हे तुम्हाला कळत होतं?"

"गाल बधीर असला की चावलं तरी कळत नाही."

"मी येते शुक्रवारी," ती म्हणाली.

शुक्रवारी समितीची खुली बैठक होती. उमेदवारानं तिथे उभं राहून संमती द्यायची, मग नाव दिल्लीला जायचं. सभागृहाबाहेरच्या बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ढोमणे दिसताच त्या उठल्या.

"तुम्हीच ना जी ते शून्यवाले साहेब?"

"हो."

"मी ललिता भोयर. हिंगणघाटची. माझ्या पोरीच्या कानात मशीन बसवली होती. आठ वर्षं पोरगी ऐकत होती, बोलत होती, गाणी म्हणत होती. मग कंपनीनं वरून काहीतरी पाठवणं बंद केलं आणि मशीन मुकी झाली. कंपनी म्हणते, तुमच्या डॉक्टरनं दुसऱ्या कंपनीचा सेल टाकला, त्यानं बिघडली. खाली आम्ही हरलो. वर अपील केलं तर म्हणतात, खुर्चीवर माणूस नाही." त्यांनी पदरानं मान पुसली. "मी प्रत्येक बैठकीला येते. माझ्या अपिलाच्या नाही, त्याला कुठे तारीख आहे. तुमच्या नेमणुकीच्या."

"मुलगी काय करते आता?"

"बघते. ओठांकडे बघत राहते."

ढोमण्यांनी मान हलवली. यावर काहीतरी वाटायला हवं हे त्यांना कळत होतं. सोबत तेजल होती, तिचे डोळे भरून आले होते. ते आत गेले.

समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती सुमती केळुसकर होत्या. पांढरी साडी, जाड चष्मा, आणि समोरच्याला बोलू द्यायची सवय. त्यांनी संमती विचारली. ढोमणे उभे राहिले आणि त्यांनी ओढीबद्दल सांगितलं, साध्या शब्दांत, एखाद्या अर्जातला दोष सांगावा तसं. मागच्या रांगांत कुजबुज झाली.

केळुसकरांनी चष्मा काढला. "अहवालातला तो आकडा मी वाचला आहे. पण न्यायाधीश हलला नाही, अशी तक्रार मी उभ्या आयुष्यात ऐकली नाही. हलला, अशी रोज ऐकली. तुमच्यासोबत पीठावर आणखी दोघं असतील."

"त्या दोघांचं जमलं नाही तर माझं मत निकाल ठरवेल, मॅडम. तेव्हा मी नाणं उडवीन आणि त्याला कारणं जोडीन. कारणं मला चांगली लिहिता येतात. कुणाला कळणारही नाही."

"तुम्हाला कळतंय ना? मग सावध राहाल."

"सावध राहायलाही ओढ लागते."

"बाहेर बाकावर बसलेल्या बाई तुम्हाला भेटल्या असतील. खुर्ची रिकामी असते तेव्हाही निकाल लागतच असतो, ढोमणे. खाली जो जिंकला त्याच्या बाजूनं, रोज. आज तुम्ही नाही म्हणालात तर पुढचं नाव कधी येईल आणि त्यावर दोन्ही संघटनांचं कधी जमेल, मला सांगता येणार नाही. कायदा बदला म्हणाल, तर ते संसदेचं काम आहे, आणि तिथे काय होतं ते तुम्हीही वाचता."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे ढोमण्यांना कळलं. आपलंही बरोबर आहे हेही कळलं. दोन्ही गोष्टी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आत काहीही, कुठल्याच बाजूला, सरकलं नाही. डोक्यात वेळ संपत आली. फरक एवढाच, की हे होताना ते या वेळी बघत होते.

"हेच ते," ते म्हणाले. "आत्ता तुम्ही दोन्ही बाजू मांडल्या आणि मला ठरवता येत नाहीये. अशा माणसाला बसवू नका. माझी संमती नाही."

बाहेर ललिताबाई पिशवी आवरत होत्या. त्यांना आतलं सगळं ऐकू गेलं होतं.

"लोकांना लाच घेऊन बसायला लाज नाही वाटत," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला फुकटात बसवत होते तर नाही म्हणून राहिले. दुःख सगळ्यांच्याच घरी आहे, साहेब. दुःख घेऊनही माणसं कामाला जातात."

"मला दुःख होत नाहीये, बाई. ते झालं असतं तर बसलो असतो."

ललिताबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. काय दिसलं त्यांना, कुणास ठाऊक. राग उतरला नाही.

"तुमच्या अपिलाची प्रत आहे का?" ढोमण्यांनी विचारलं. "आता मी न्यायाधीश होत नाही. वाचायला हरकत नाही."

"आता तुम्ही कोण वाचणारे?"

"कुणी नाही."

तेजल मधे पडली. "मावशी, द्या ना. यंत्राचं त्यांना कळतं. काही राहून गेलं असेल तर तुमच्या वकिलाला सांगतील." ललिताबाईंनी पिशवीतून जाड गठ्ठा काढून तिच्या हातात दिला, बापाच्या नाही.

दुपारी जेवण झाल्यावर दोघं टेबलाशी बसली. तेजल एकेक पान वाचून पुढे सरकवत होती, ढोमणे तिच्यानंतर तेच पान वाचत होते. दुसऱ्याच पानावर तिनं टेबलावर हात आपटला.

"सरळ फसवणूक आहे ही. यात ठरवायचं काय आहे?"

"यादी बघ. बारावं पान, सेलचा अहवाल. तो वाच आधी."

तिनं तो वाचला. कपाळाला आठी पडली. डॉक्टरनं टाकलेला सेल खरंच जास्त दाबाचा होता. "तरी पण," ती म्हणाली आणि तिनं उलट मागची पानं काढली, कंपनीनं संदेश पाठवणं कधी थांबवलं ती तारीख बघितली, पुन्हा सेलचं पान बघितलं. ढोमणे तिच्याकडे बघत राहिले. तिची रेष कुठून सुरू झाली होती ते सरळ दिसत होतं, आणि ती सरकतानाही दिसत होती, इकडे, मग जराशी तिकडे, मग पुन्हा इकडे. आपलंही पूर्वी असंच होत असावं.

"तुमचं काय, बाबा?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"पुन्हा वाचतो," ते म्हणाले.

त्यांनी गठ्ठा ओढून घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेजलनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंधारून आलं म्हणून दिवा लावून ती स्वयंपाकघरात गेली.

त्याला आता बरेच महिने झाले. समितीला दुसरं नाव मिळालेलं नाही, खुर्ची रिकामीच आहे. गेडामांनी कायद्यात ओढ हा शब्द घालावा म्हणून पत्र पाठवलंय, त्याचं उत्तर यायचं आहे. ललिताबाईंच्या अपिलाला तारीख लागलेली नाही. गठ्ठा टेबलावर आहे, ढोमण्यांनी तो तीनदा वाचून काढलाय, आणि कुणाची बाजू खरी, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.